वालाचा दाणा, नीरा आणि एक प्रयोगशाळा : डॉ. कमला सोहोनी यांची कारकीर्द

१/
१९३३ साली सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एका मराठी मुलीला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला आणि तिने निर्धाराने तो मिळवला, ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. दर मार्चमध्ये, महिला दिनाच्या आसपास, ती नव्याने फिरू लागते. कथा खरी आहे. परंतु कमला भागवत, म्हणजेच डॉ. कमला सोहोनी, यांची वैज्ञानिक कारकीर्द तेव्हा कुठे सुरू होत होती. त्यानंतर त्या सहा दशकांहून अधिक काळ जगल्या आणि त्यांतील बहुतेक वर्षे काम करत राहिल्या. हा धागा त्या कामाविषयी आहे. त्यात प्रयोगशाळा आहे, आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडून सरकारी योजनांपर्यंत व स्वयंपाकघरापर्यंत गेलेले विज्ञानही आहे.

२/
आधी घराविषयी. भागवतांचे कुटुंब इंदूरचे. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि दोघेही बंगळूरच्या त्याच संस्थेचे सुरुवातीच्या काळातील विद्यार्थी होते. जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली ही संस्था तेव्हा ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणूनच ओळखली जाई. मराठी वाचकांना आणखी एक ओळख पुरेशी होईल : १९१० साली जन्मलेल्या दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. एक बहीण लोकसंस्कृतीच्या अभ्यासाकडे वळली, दुसरी जीवरसायनशास्त्राकडे. पुढे १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी आणीबाणीला केलेला विरोध आपण जाणतो. न पटलेल्या गोष्टीला तोंडावर नकार देण्याची रीत त्या घरात त्याच्या चाळीस वर्षे आधीपासून होती.

३/
१९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडविषय भौतिकशास्त्र. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव अग्रस्थानी होते. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच संशोधन करावे, या स्वाभाविक इच्छेने त्यांनी बंगळूरला अर्ज पाठवला. रामन यांनी त्याच वर्षी संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे हाती घेतली होती. तीन वर्षांपूर्वीच त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. अर्ज फेटाळला गेला तो गुणांमुळे नव्हे. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते.

४/
वडिलांनी व काकांनी रदबदली केली. तिचा उपयोग झाला नाही. मग कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण त्यांनी समोरासमोर विचारले. सविनय कायदेभंगाची चळवळ देशाने नुकतीच पाहिली होती. ‘सत्याग्रह’ हा शब्द त्या पिढीच्या रोजच्या बोलण्यातला होता. अखेर रामन यांनी सशर्त होकार दिला. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्रीही, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशीही अट होती.

५/
या अटी आज वाचताना संताप येणे साहजिक आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्यांचा अर्थही लावला पाहिजे. रात्री काम करण्याची अट परिश्रमाची होती. ती एखाद्या पुरुषालाही घालता आली असती. ‘वातावरण बिघडू नये’ ही अट मात्र दुसऱ्यांच्या वर्तनाची जबाबदारी एका विद्यार्थिनीवर टाकते. कमलाबाईंनी ती अपमान म्हणूनच स्वीकारली, आणि तसे पुढे स्पष्ट सांगितलेही. उतारवयात स्त्री-वैज्ञानिकांसमोर बोलताना त्यांनी रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून थोरपण मान्य केले, आणि त्याच श्वासात त्यांच्या संकुचितपणाविषयीही परखड मत मांडले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

६/
त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात न राखणारे शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम सुरू केले. हा विषय लक्षात ठेवावा, कारण वीस वर्षांनी तो पुन्हा भेटणार आहे. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. पदवी दिली.

७/
दार उघडले, पण ते पुरते उघडले असे म्हणता येणार नाही. १९४० मध्ये अ‍ॅना मणी या रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरा आणि माणिक यांच्या वर्णपटांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, शोधनिबंध प्रसिद्ध केले, प्रबंध लिहिला. तरी त्यांना पीएच.डी. मिळाली नाही, एम.एस्सी. नसल्याचे कारण पुढे करण्यात आले. त्याच अ‍ॅना मणी पुढे भारतीय हवामान खात्यात उपकरणशास्त्राच्या अग्रगण्य तज्ज्ञ झाल्या. एका स्त्रीने अडथळा ओलांडला म्हणजे तो पुढच्या सर्वांसाठी नाहीसा झाला, असे आपण फार सहज लिहितो. कागदपत्रे तसे सांगत नाहीत.

८/
१९३७ मध्ये कमलाबाई केंब्रिजला गेल्या. न्यूनहॅम हे स्त्रियांचे महाविद्यालय, आणि संशोधनासाठी जीवरसायनशास्त्राची डन इन्स्टिट्यूट. तिचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधातील कार्यासाठी १९२९ चे नोबेल मिळवणारे हॉपकिन्स आपल्या प्रयोगशाळेत स्त्रियांना मोकळेपणाने स्थान देत. त्या काळच्या इंग्लंडमध्येही ही गोष्ट सर्वत्र आढळणारी नव्हती. आरंभी कमलाबाईंनी डेरेक रिक्टर यांच्यासोबत काम केले. नंतर त्या रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या आणि वनस्पतींच्या ऊतींकडे वळल्या.

९/
इथे थोडे विज्ञान. आपण खाल्लेल्या अन्नातून पेशीला ऊर्जा मिळते ती टप्प्याटप्प्याने. त्या साखळीत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात आणि शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. हे काम करणाऱ्या लोहयुक्त, रंगीत प्रथिनांना ‘सायटोक्रोम’ म्हणतात. हे नाव डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये केंब्रिजमध्येच दिले. कीटकांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये त्यांनी सायटोक्रोम पाहिले होते. हिरव्या वनस्पतींमध्ये श्वसनाची हीच यंत्रणा चालते का, हा पुढचा प्रश्न होता.

१०/
कमलाबाईंनी त्यासाठी बटाटा घेतला. बटाट्याच्या ऊतीवर काम करताना त्यांनी दाखवून दिले की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते आणि श्वसनातील ऑक्सिडीकरणात त्याचा सहभाग असतो. प्राणी, यीस्ट आणि वनस्पती श्वास घेतात तो मुळात एकाच पद्धतीने, या आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत येणाऱ्या सत्याचा हा एक आधार आहे. १९३९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हिल आणि भागवत या दोघांच्या नावे फुलझाडांतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवर टिपण प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता आणि काम चौदा महिन्यांचे.

११/
‘विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ हे बिरुद इथून येते. त्याबाबत थोडी काळजी घ्यावी. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ मध्येच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने डी.एस्सी. दिली होती. रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी यांना १९४४ मध्ये कोलकाता विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. पदवीचे नाव, विद्यापीठाचा देश आणि विषय बदलला की ‘पहिली’ कोण याचे उत्तर बदलते. कमलाबाईंचे मोठेपण त्या क्रमांकावर अवलंबून नाही, म्हणून त्यासाठी भांडण्याचेही कारण नाही.

१२/
केंब्रिजला राहणे शक्य असताना त्या १९३९ मध्ये मायदेशी परतल्या. देशासाठी काम करावे ही त्यांची इच्छा होती. गांधीयुगात वाढलेल्या त्या पिढीला हे वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते. पहिली नेमणूक दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात, जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून. त्यानंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

१३/
कुन्नूरच्या नेमणुकीचे महत्त्व समजण्यासाठी काळ पाहावा लागतो. १९३७ मध्ये याच प्रयोगशाळेचे संचालक एक्रॉइड यांनी भारतीय खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये सांगणारी कोष्टके प्रसिद्ध केली होती. १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ पडला; त्यातील बळींचा अंदाज वीस ते तीस लाखांच्या घरात जातो. भारतीय माणूस काय खातो, त्यातून त्याला काय मिळते आणि काय मिळत नाही, हे प्रश्न तेव्हा थेट जगण्यामरण्याचे होते. केंब्रिजमध्ये पेशीच्या श्वसनाचा विचार करणाऱ्या कमलाबाई इथे जीवनसत्त्वांवर काम करू लागल्या. त्यांच्या संशोधनाची पुढची दिशा इथे पक्की झाली.

१४/
१९४७ मध्ये त्यांचा विवाह विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईत आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू होत होता. तिथे त्या प्राध्यापक झाल्या. त्या काळी नव्या भारताचे लक्ष मोठ्या राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे होते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जानेवारी १९५० मध्ये सुरू झाली. त्या तुलनेत मुंबईच्या सरकारी संस्थेतला हा एक विभाग. परंतु इथे विद्यार्थी होते, आणि कमलाबाईंकडे प्रश्न होते.

१५/
त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी निवडलेले पदार्थ पाहा : कडधान्ये, नीरा, तांदळाचे पीठ. महागडे असे यांत काही नाही. ज्यांना दूध, मांस, अंडी, फळे परवडत नाहीत त्यांच्या ताटात जे असते, तेच त्यांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर घेतले. विषयाची निवड हाही एक निर्णय असतो. संशोधनाचा पैसा आणि वेळ कोणाच्या प्रश्नावर खर्च व्हावा, याचे उत्तर त्यात असते. विज्ञानधोरण समित्यांच्या अहवालांत लिहिले जाते, तसेच ते अशा निवडींतूनही घडते.

१६/
आमच्या जुन्नर तालुक्यातले उदाहरण देतो. आणे हे पर्जन्यछायेतल्या पठारावरचे गाव. तिथली रंगदास स्वामींची यात्रा प्रसिद्ध आहे ती आमटी-भाकरीच्या महाप्रसादासाठी. मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते आणि हजारोंची पंगत बाजरीच्या भाकरीसोबत ती खाते. बाजरी आणि डाळ हे कोरडवाहू मुलखाचे रोजचे अन्न, म्हणून तोच प्रसाद. पोषणशास्त्राच्या दृष्टीने ही जोडी उत्तम आहे. तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळी पुरवतात. डाळींत मेथिओनिन कमी असते, ते धान्य पुरवते. दूध-मांसाविना जगणाऱ्या माणसाची प्रथिनांची गरज अशाच जोड्यांवर भागत आली आहे.

१७/
म्हणूनच पुढचा प्रश्न गंभीर होता. कडधान्यात प्रथिने भरपूर, पण खाल्लेले सगळे अंगी लागते का? प्रथिने पचवण्यासाठी स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर आतड्यात येते. अनेक शेंगवर्गीय दाण्यांत त्या ट्रिप्सिनलाच निष्प्रभ करणारे पदार्थ असतात. त्यांना ट्रिप्सिन-रोधक म्हणतात. दाण्याचे किडींपासून रक्षण करण्यास ते उपयोगी पडतात, खाणाऱ्याला मात्र अडचणीचे ठरतात. अमेरिकेत मोझेस कुनित्झ यांनी चाळिशीच्या दशकात सोयाबीनमधील रोधक स्फटिकरूपात वेगळा केला होता. भारतीय माणसाच्या आहारातील दाण्यांचे काय, हे पाहणे बाकी होते.

१८/
कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिन-रोधकांवर १९५४ पासून शोधनिबंधांची मालिकाच प्रसिद्ध केली. १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये सोहोनी आणि आंबे यांचे टिपण आले. वाल आणि डबल बी या दोन दाण्यांतील रोधक त्यांनी स्फटिकरूपात मिळवले होते. प्रथिनाचे स्फटिक मिळवणे म्हणजे ते पुरेसे शुद्ध करून त्याचा नेमका अभ्यास शक्य करणे. मुंबईच्या सरकारी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत, पन्नाशीच्या दशकात, हे झाले. वालाचा दाणा जागतिक विज्ञानाच्या नोंदीत गेला.

१९/
याचा व्यवहारातला अर्थ आपल्या आजीला ठाऊक असतोच. कडवे वाल आपण रात्रभर भिजवतो, मोड आणतो, सोलतो आणि मग त्यांचे बिरडे शिजवतो. कच्चा दाणा कोणी खात नाही. उष्णतेने ट्रिप्सिन-रोधकांचा बराचसा भाग नष्ट होतो. भिजवण्याने आणि मोड आणण्यानेही दाणा पचण्यास सोपा होतो. पण परंपरेला माहीत असणे आणि कारण सिद्ध असणे यांत अंतर आहे. कारण सिद्ध झाले की शाळेतील खाऊ, रुग्णालयातील आहार किंवा पूरक पोषणाचे पीठ तयार करताना दाणा किती तापवावा, हे मोजून ठरवता येते.

२०/
आता नीरा. ताड, शिंदी, नारळ यांच्या झाडांतून निघणारा ताजा गोड रस म्हणजे नीरा. तो आंबला की ताडी. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर ताडीवर पोट असलेल्या कुटुंबांचा प्रश्न उभा राहिला. परवान्यावर नीरा आणि तिच्यापासून गूळ, हा पर्याय पुढे आला. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास हाती घेतला. नीरेत आणि ताडगुळातही जीवनसत्त्वे व लोह यांचे उपयुक्त प्रमाण आढळले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

२१/
नीरेचे हे प्रकरण विज्ञान आणि धोरण यांचा संबंध समजून घेण्यास फार चांगले आहे. एका बाजूला नैतिक भूमिकेतून आलेला कायदा, दुसऱ्या बाजूला एका जुन्या व्यवसायातील माणसांची उपजीविका, तिसऱ्या बाजूला कुपोषण. या तिन्हींच्या मध्ये प्रयोगशाळेला विचारलेला प्रश्न साधा होता : या रसात नेमके काय आहे आणि ते टिकते किती? त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय योजना आखणे म्हणजे अंदाजाने औषध देणे. आरे दूध प्रकल्पाच्या सल्लागार म्हणूनही कमलाबाईंनी असेच काम केले. मोठ्या शहराला रोज दूध पुरवायचे तर ते नासता कामा नये आणि त्याची प्रत राखली गेली पाहिजे. त्यासाठीची पद्धत त्यांनी बसवून दिली.

२२/
या साऱ्या कामानंतर संस्थेच्या संचालकपदाचा प्रश्न आला, आणि तिथे त्यांना चार वर्षे थांबावे लागले. अंतर्गत राजकारण आणि स्त्री असणे, ही दोन्ही कारणे चरित्रपर लेखनात नोंदलेली आहेत. अखेर त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री-संचालक झाल्या. रामन यांनी घातलेल्या एका वर्षाच्या अटीवर शेकडो लेख लिहिले गेले. या चार वर्षांवर क्वचितच कोणी लिहिते. कारण उघड आहे. पहिल्या प्रसंगात एक प्रसिद्ध नाव आहे, एक दालन आहे, समोरासमोरचा संवाद आहे. दुसऱ्यात लांबत गेलेला निर्णय आहे, आणि ठपका ठेवायला एकही चेहरा नाही. स्त्रियांच्या कारकिर्दींचे अधिक नुकसान बहुधा या दुसऱ्या प्रकाराने होते. एकविशीतील मुलीला नकार मिळाला. अनुभवी, पुरस्कारप्राप्त प्राध्यापिकेला वाट पाहायला लावली गेली.

२३/
निवृत्तीनंतरचा भाग आपल्या पिढीला सर्वांत कमी ठाऊक आहे. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संस्था उभारली. कमलाबाई तिच्या कार्यात सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. हळदीत शिशाचा पिवळा क्षार, बेसनात लाखेची डाळ, मिठाईत अखाद्य रंग : भेसळीचे हे प्रकार माणसाला अपंगही करू शकतात. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये झाला होता. पण गृहिणीच्या हातात कायद्याचे पुस्तक नसते, पिठाचा डबा असतो. तिथपर्यंत रसायनशास्त्र नेण्याचे काम या संस्थेने केले.

२४/
ग्राहक संरक्षण कायदा भारतात १९८६ मध्ये आला, म्हणजे या संस्थेच्या स्थापनेनंतर वीस वर्षांनी. ग्राहकाला हक्क असतात, माल तपासून घेता येतो, तक्रार करता येते, ही कल्पना त्या वीस वर्षांत अशा स्वयंसेवी संस्थांनी रुजवली. त्यात प्रशिक्षित जीवरसायनशास्त्रज्ञ असणे महत्त्वाचे होते, कारण तक्रार पुराव्यावर उभी राहते. केंब्रिजची पीएच.डी. आणि संचालकपद पदरी असलेली स्त्री निवृत्तीनंतर हे काम करते, याकडे ‘समाजसेवा’ म्हणून पाहू नये. ते त्यांच्या संशोधनाचेच पुढचे पाऊल होते. विषय तोच होता : सामान्य माणसाच्या ताटात काय पडते.

२५/
अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. त्यांचे शोधनिबंध धुंडाळताना दोन आडनावे वापरा. बटाट्यावरचे काम ‘भागवत’ या नावावर आहे, वालावरचे ‘सोहोनी’ या नावावर. ‘नेचर’च्या १९३९ च्या आणि १९५५ च्या अंकांत एकच व्यक्ती दोन वेगळ्या नावांनी उभी आहे. सूचीत एकच नाव शोधणाऱ्याला कारकिर्दीचा अर्धाच भाग सापडेल. विवाहानंतर आडनाव बदललेल्या असंख्य स्त्रियांचे काम इतिहासकारांच्या नजरेतून असेच निसटते. त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू असण्याचीही गरज नसते. पुढच्या वेळी एखाद्या काळात ‘स्त्री-संशोधक फारशा नव्हत्या’ असे वाक्य लिहिण्यापूर्वी हे तपासावे.

२६/
१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्या सत्कारासाठी त्यांना दिल्लीला बोलावले. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले. १८ जून २०२३ रोजी गूगलने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा अनेक तरुण वाचकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. त्या दिवशीही बहुतेक लेखांचा गाभा रामन यांचा नकार हाच होता.

२७/
त्या नकाराची आठवण पुसावी असे मी म्हणत नाही. ती राहिलीच पाहिजे. पण एखाद्या स्त्रीचे नाव घेताच आपल्याला तिला अडवणारा पुरुष आधी आठवत असेल आणि तिचे काम आठवतच नसेल, तर त्या कथेच्या केंद्रस्थानी अजूनही तोच पुरुष आहे. कमलाबाईंविषयी पुढे कधी लिहाल, तेव्हा बटाट्यातील सायटोक्रोम लिहा, वालाच्या दाण्यातील रोधकाचे स्फटिक लिहा, नीरा लिहा, ‘कीमत’मधील लेख लिहा. संचालकपदासाठी गेलेली चार वर्षेही लिहा. त्यांनी प्रवेशासाठी हट्ट धरला तो हे सारे करण्यासाठीच.

धागा समाप्त. आपल्या भागातील एखाद्या स्त्री-वैज्ञानिकेच्या प्रकाशित कामाची माहिती असेल तर खाली अवश्य नोंदवावी, दोन्ही आडनावांसह.